माहा विरोध लिवा

ही गोष्ट सांगायचं मी पन्नासहून जास्त वर्षं टाळत आलो. घरात त्या गावाचा विषय निघाला की मी पाणी प्यायला म्हणून उठायचो. आता गुडघे चटकन उठू देत नाहीत, तेव्हा लिहूनच टाकतो.

बशीरचाचा पिंजारी ग्रामसभेतल्या प्रत्येक ठरावाला विरोध करायचे. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. रस्त्यावर मुरूम टाकायचा ठराव असो, मोकाट जनावरांचा असो, की कोणी वारल्याच्या दुखवट्याचा, चाचांचा उजवा हात वर जायचा आणि मागोमाग आवाज यायचा, "माहा विरोध लिवा, बाबू." एकदा त्यांनी बालवाडीच्या पोरांसाठी तीन गाद्या फुकट पिंजून दिल्या. सरपंच नानासाहेबांनी त्यांच्या अभिनंदनाचा ठराव मांडला. सगळ्यांचे हात वर गेले, खाली आले. मग चाचांचा गेला.

नानासाहेब म्हणाले, "अबे बशीर, तुह्याच अभिनंदनाचा ठराव हाय ना."

"असू द्या ना. सगळेच हाव म्हनून राह्यले. मंग चर्चा कुठी झाली?"

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं होतं, पंचायतराज त्याहून नवं, आणि त्या दोहोंपेक्षा कोवळा मी ग्रामसेवक. मूळचा देऊळघाटचा. पहिलीच नेमणूक मेहकर तालुक्यात, डोणगावपासून बैलगाडीनं दोन तासांवरच्या एका गावात. गावाचं नाव लिहीत नाही. दोष गावाचा नव्हता.

चाचा तेव्हा पन्नाशीचे असतील. उंच, काटकुळे, आणि भुवयांवर, दाढीत, कानाच्या पाळीवर सदा कापूस. लांबून पाहिलं की माणूस नुकताच ढगातून उतरून आल्यासारखा दिसे. खांद्यावर पुरुषभर लांबीचं पिंजण. त्याची तात लाकडी मुठीनं छेडली की तुण्ण असा आवाज अख्ख्या गल्लीत घुमायचा आणि बाया जुन्या गाद्या ओढत बाहेर आणायच्या. बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. घर बाजारओळीत, एका खोलीचं. त्यात अर्ध्या जागेत कापूस आणि उरलेल्यात चाचा.

त्यांना हा नाद लावला रेडिओनं. पंचायतीला सरकारकडून एक रेडिओ मिळाला होता. बॅटरीवर चालायचा. लाकडी पेटीत कुलपात असायचा आणि किल्ली माझ्याकडे. लोकांना त्यावर बाजारभाव आणि भजनं हवी असत. चाचांना हवी असे जगाची पंचायत. दूर कुठेतरी सगळ्या देशांची माणसं एका दालनात बसतात आणि माणसाचे हक्क काय, लोकशाही कशी असावी, कोणी कोणाच्या मुलखात घुसू नये, यावर दिवसचे दिवस बोलतात, हे त्यांना बातम्यांतून कळलं होतं आणि त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही गोड लागेना. संध्याकाळच्या बातम्यांना ते सर्वांत आधी येऊन बसत. तेव्हा नवनवे देश स्वतंत्र होत होते. एखादा नवा देश त्या सभेत दाखल झाल्याचं ऐकलं की चाचा दुसऱ्या दिवशी गल्लीत गूळ वाटायचे, बारशाला वाटावा तसा. देशाचं नाव त्यांना उच्चारता येत नसे. "अमक्या देशाचा हाय, खा," म्हणायचे.

त्यांचे प्रश्न मात्र चोख असत. एकदा विचारलं, "तथी सरपंच कोन हाय?" मी सांगितलं, अध्यक्ष असतो आणि तो दरवर्षी बदलतो. चाचांनी गालावर हात ठेवला. "दरसाली? आन आपला?" आपला म्हणजे नानासाहेब. त्यांचे वडील पाटील होते, आजे पाटील होते आणि पाटीलकी गेल्यावर नानासाहेब सरपंच झाले होते. घरातली खुर्चीसुद्धा तीच होती, फक्त पंचायतीत आणून ठेवली होती.

दुसऱ्यांदा मी त्यांना पाच बड्या देशांचं सांगितलं. त्यांच्यापैकी एकानं जरी नकार दिला तरी मोठा ठराव पडतो म्हणून. चाचांचा चेहरा उतरला. बराच वेळ दाढीतला कापूस काढत बसले. मग म्हणाले, "म्हंजे पाच पाटील झाले ना, बाबू. जगातली पाटीलकी काही गेली नाही मंग."

त्यावर उपाय म्हणून त्यांनी स्वतःची जगाची पंचायत भरवली. पंचायतीसमोरच्या लिंबाच्या पारावर, दर बाजाराच्या दिवशी, बाजार उठायच्या वेळेला. माणसांना त्यांनी स्वभाव बघून देश वाटून दिले. दोन शेतांमधल्या धुऱ्यावरून सात वर्षं भांडणारे काशीराम आणि देवराव हे साले-मेहुणे दोन महासत्ता झाले. किराणा दुकानदाराला कोणालाच दुखवायचं नसे, म्हणून तो तटस्थ. नाल्यापलीकडच्या वस्तीतली अनुसयाबाई एकदा खराटा हातात घेऊन येता येता थांबली आणि म्हणाली, "सगळे गडीच बसले. जगात बायाच नाहीत का?" चाचा उठून उभे राहिले. तिला पारावर जागा दिली आणि पाच पाटलांपैकी एकाचा नकाराचा अधिकार काढून जाहीरपणे तिच्या हवाली केला. ती तो अधिकार दर आठवड्याला वापरायची. तिच्या खराट्याला चाचांसकट सगळे दचकून असत.

या सभेचा एक नियम होता. ज्याची पाळी असेल त्यानं बोलायचं, आणि चाचा समोरचा कापसाचा ढीग हातानं मोकळा करत तेवढा वेळ ऐकायचे. ढीग संपला की वेळ संपली. मध्येच कोणी आईबहिणीवर आला की चाचा तात छेडायचे. तुण्ण. त्या आवाजात शिवी ऐकूच येत नसे आणि देणाऱ्याचा हिरमोड व्हायचा. देवरावांच्या गोऱ्ह्यानं काशीरामची कपाशी खाल्ली तेव्हा दोन महासत्तांमध्ये युद्धच पेटलं असतं, पण चार ढीग कापूस मोकळा झाला आणि "दोघंही फौजा मांगं घ्या" असा ठराव झाला. फौजा म्हणजे एक गोऱ्हा आणि दोन शेळ्या. अनुसयाबाईनं नकाराधिकार वापरला नाही म्हणून तो मंजूर झाला. विरोधात एक मत पडलं. चाचांचं.

माझ्या घरीही त्यांनी एक परिषद घेतली होती. माझं नवीन लग्न झालेलं. आई आणि बायको यांच्यात चूल कोणत्या कोपऱ्यात असावी यावरून दोन महिने धूर निघत होता. चाचा ओसरीवर आमची गादी पिंजत होते. त्यांनी दोघींना एकेक ढीग दिला. आईचा ढीग संपेपर्यंत बायको गप्प, बायकोचा संपेपर्यंत आई गप्प. दोघींना त्याची सवय नव्हती. शेवटी आई म्हणाली, पोरगी बोलते तशी वाईट नाही. मी मात्र तेव्हा आतल्या खोलीत लपून बसलो होतो. माणूस कसा असतो ते असं आधीच दिसत असतं.

मी एकदा चाचांना विचारलं होतं, सरसकट सगळ्याला विरोध कशासाठी? तेव्हा हातातली मूठ खाली ठेवून त्यांनी सांगितलं. रेडिओवर बातमी होती की अमुक ठराव झाला, इतके देश बाजूनं, विरोधात एक. आणि बातमी देणाऱ्यानं त्या एका देशाचं नाव घेतलं होतं.

"हाव म्हननाऱ्याईचं नाव कोनी घेत नाही, बाबू," चाचा म्हणाले. "नाही म्हननाऱ्याचं घ्याच लागते. अथी मले सारे पिंजारी म्हनते. माहं नाव तुमच्या यादीत हाय तेवढंच. शेख बशीर शेख करीम. बुकात लिवता ना तुमी पुरं?"

मी म्हणालो, लिहितो की.

आता खरं सांगायची वेळ आली.

ग्रामसभेचे ठराव मी सभेत लिहीतच नसे. कोणीच लिहीत नसे. माझ्या आधीच्या ग्रामसेवकानं कार्यभार देताना मला शिकवलं होतं की ठराव सकाळी घरूनच लिहून न्यायचे, सूचक आणि अनुमोदकाची नावं टाकायची, आणि खाली 'सर्वानुमते मंजूर' असं लिहून मोकळं व्हायचं. विरोध लिहिला की वरून विचारणा येते आणि विचारणा आली की उत्तर लिहावं लागतं. लोकांच्या सह्या आणि अंगठे सभेला शिरतानाच घ्यायचे. मला ते व्यवस्थित काम वाटलं.

मग चाचा हात वर करून "माहा विरोध लिवा" म्हणाले की मी काय करायचो? बुकात मान घालायचो आणि टाक कागदाच्या दोन बोटं वरून फिरवायचो. चाचांना थोडं उर्दू वाचता येई, मराठी अक्षर येत नसे. ते लांबून विचारायचे, "लिवला?" मी म्हणायचो, "लिहिला, चाचा." ते समाधानानं खाली बसायचे आणि दाढीवरून हात फिरवायचे. असं तीन वर्षं चाललं. मला यात पाप वाटलं नाही. उलट मी एका भोळ्या माणसाचं मन राखतो आहे असं वाटायचं.

आणि मग विहिरीचा ठराव आला.

गावासाठी पिण्याच्या पाण्याची एक सार्वजनिक विहीर मंजूर झाली होती. ती व्हायची होती नाल्यापलीकडच्या वस्तीसाठी. तिथली माणसं नाल्याच्या वाळूत झिरा उकरून वाटीवाटीनं पाणी भरत. पावसाळ्यात ते गढूळ असे आणि उन्हाळ्यात नसेच. नानासाहेबांनी ठरवलं की विहीर बाजारओळीत घ्यायची, तिथे दगड कमी लागेल म्हणून. तिथून त्यांचा वाडा वीस पावलांवर होता. चाचांची खोली दहावर.

ठराव मी सकाळी घरून लिहून नेला होता.

सभेत वस्तीतली माणसं मागे, भिंतीला टेकून बसली होती. बहुतेक जण नानासाहेबांच्या शेतात कामाला होते. कोणी बोललं नाही. अनुसयाबाई दाराबाहेर उभी होती. पारावर तिला नकाराधिकार होता, पण इथे तिला कोणी आत या म्हटलं नाही. मीही नाही. चाचांनी हात वर केला. नेहमीसारखे एका वाक्यावर थांबले नाहीत. जगाच्या पंचायतीत माणसाच्या हक्कांचा एक कागद केला आहे, त्यात नाल्याच्या अलीकडचा माणूस आणि पलीकडचा माणूस असं लिहिलेलं नाही, असं ते म्हणाले. लोक हसले.

नानासाहेब म्हणाले, "तुह्या दारात पानी येऊन राह्यलं अन तूच नाही म्हनतं? काऊन बे?"

"दारात येऊन राह्यलं म्हनूनच म्हनतो. मी हाव म्हटलं तर ते माह्या पान्यासाठी होईन." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाबू, आजचा विरोध पुरा लिवा. नावासकट."

मी टाक फिरवला. दोन बोटं वरून.

चाचांनी डोणगावच्या एका मास्तरांकडून अर्ज लिहून घेतला आणि वर पाठवला. अर्जात एवढंच होतं की विहिरीची जागा सर्वांच्या मतानं ठरलेली नाही, विरोध सभेच्या बुकात लिहिलेला आहे, बुक पाहावं. महिन्याभरात मेहकरहून चौकशीला एक साहेब जीपनं आले. पारावर खुर्ची टाकली, सगळं गाव जमलं. चाचा धुतलेले कपडे घालून, टोपी सारखी करून पुढे उभे होते. दाढीत कापसाचा धागा नव्हता. त्या दिवशी मला ते पहिल्यांदा म्हातारे दिसले.

साहेबांनी विहिरीचं पान काढलं. वाचलं. "इथे तर सर्वानुमते लिहिलंय."

"मांगचं पान पाहा, साहेब," चाचा मदत करायच्या सुरात म्हणाले. "सगळ्याच पानाईवर हाय माहं नाव. एकही ठराव सुटला नाही."

साहेब मागे मागे जात राहिले. मुरूम, सर्वानुमते. जनावरं, सर्वानुमते. दुखवटा. अभिनंदन. प्रत्येक पानाखाली हजेरीत चाचांची उर्दूतली सही मात्र होती, डौलदार. साहेबांनी ती दाखवून विचारलं, ही तुमचीच ना? चाचा हाव म्हणाले. मागून कोणीतरी हसलं, मग बरेच जण हसले.

साहेबांनी मला विचारलं, "यांनी विरोध केल्याचं तुम्हाला आठवतं का?"

माझी बायको आठव्या महिन्यात होती. नोकरी कायम व्हायची होती. ही कारणं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो, म्हणून ती मला पाठ आहेत. मी म्हणालो, "बुकात आहे ते बरोबर आहे, साहेब."

साहेब समंजस होते. ते चाचांकडे वळले आणि शांतपणे म्हणाले, "म्हणजे ग्रामसेवकानं खोटं लिहिलं, असं तुमचं म्हणणं आहे का? तसं असेल तर स्पष्ट सांगा. यांच्यावर कारवाई करावी लागेल."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं. तीन वर्षांतलं पान न् पान एका नजरेत कळलं होतं. मला वाटलं, आता ते बोलतील. ज्याला आयुष्यभर नाही म्हणायची हौस, तो आज हो म्हणेल. त्यांनी एकदा आमच्या घराच्या दिशेनं पाहिलं. ओसरीवर बायको खांबाला धरून उभी होती.

"नाही, साहेब," ते म्हणाले. "पोरगा खोटं नाही लिवत. माहाच हात वर गेला नसन. खांदा दुखते माहा, पिंजू पिंजू."

पार हसून हसून लोटपोट झाला. काशीराम आणि देवराव एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून हसत होते. अनुसयाबाई तेवढी हसली नाही. ती खराटा उचलून चालू लागली.

विहीर बाजारओळीत झाली. चाचांच्या दारापासून दहा पावलांवर, गोड पाण्याची. त्या विहिरीचं पाणी चाचांनी भरलेलं मी कधी पाहिलं नाही. रोज सकाळी ते खांद्यावर कावड टाकून तिच्या शेजारून जात, नाला ओलांडत आणि वस्तीतल्या झिऱ्यावर आपली पाळी येईपर्यंत थांबत. कोणी विचारलं तर म्हणत, "तथी चर्चा चांगली होते." ज्या खांद्यावर कावड असे तो उजवाच होता. दुखणारा.

ग्रामसभेत ते येत राहिले. हजेरीत सही करत. हात मात्र त्यांनी पुन्हा कधी वर केला नाही. लोकांना चुकल्याचुकल्यासारखं झालं असावं. ठराव झाला की दोन क्षण सगळे त्यांच्याकडे बघत थांबायचे. एकदा तर खुद्द नानासाहेब म्हणाले, "काऊन बशीर, आज काही नाही?" चाचा म्हणाले, "चालू द्या."

आमच्या मुलीच्या बारशाला चाचा आले. हातात हातभर लांबीची गादी आणि डोक्याखाली घ्यायला एवढंसं गोल उसं. नव्या कापसाचं. मुलीला मांडीवर घेऊन त्यांनी विचारलं, नाव काय ठेवलं? मी सांगितलं. त्यांनी ते पूर्ण म्हणून पाहिलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट, दोनदा. "नाव पुरं घ्या लागते," म्हणाले, "मंग ध्यानात राह्यते."

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. सामान बांधायच्या आदल्या दिवशी सकाळी मी मुद्दाम चाचांना बोलावलं, गादी पिंजायला. गादी बरी होती. मला त्यांच्याशी बोलायचं होतं. रात्रभर वाक्यं जुळवली होती. ते ओसरीवर बसले, उसवलेल्या गादीतला कापूस समोर ओतला आणि पिंजण लावलं. मी समोर पोत्यावर बसलो. तातेचा आवाज होत होता आणि कापूस उडून आमच्या दोघांमध्ये तरंगत होता.

मी म्हणालो, "चाचा, ते बुक..."

त्यांनी तातेवर पंजा ठेवला. आवाज जागच्या जागी थांबला. मग त्यांनी समोरून कापसाचा एक ढीग जवळ ओढला, चांगला मोठा, पारावर कोणाला दिला नसेल एवढा, आणि हातानं सावकाश मोकळा करू लागले.

"बोला, बाबू. पाळी तुमची हाय."

ते वर बघत नव्हते. बोटं इतकी हळू चालली होती की ढीग संपूच नये असं वाटावं. आतून बायकोच्या बांगड्यांचा आवाज येत होता. मुलगी त्या छोट्या गादीवर झोपली होती. चाचांच्या भुवईवर एक कापसाचा धागा येऊन बसला आणि मी त्या धाग्याकडे बघत राहिलो. ढीग अर्धा झाला. मग मूठभर राहिला.

मी म्हणालो, "गादी दुपारपर्यंत होईल का?"

चाचांनी उरलेला कापूस मोकळा केला. घाई न करता, शेवटच्या गाठीपर्यंत. मग पिंजणाची लाकडी मूठ उचलली.

"होईन ना," ते म्हणाले, आणि तात पुन्हा वाजू लागली.